सडपातळ बायकांच्या पायांवरचं सेल्युलाइट: वजन न घटवता ते कमी कसं करायचं

वजन ५० किलोच्या आत, कंबर बारीक, कपड्यांचं माप वर्षानुवर्षं तेच, आणि तरीही मांडीच्या मागच्या बाजूला खळगे, म्हणजेच सेल्युलाइट. अशा मुलींना आणि बायकांना जो सल्ला मिळतो तो बहुतेक वेळा लठ्ठपणासाठीचा असतो: कमी खा, घाम गाळा, चरबी उतरवा. सडपातळ बाईने तो पाळला की पाय आणखी बारीक होतात, त्वचा सैल पडते आणि खळगे जिथल्या तिथे राहतात. कधी तर आधीपेक्षा ठळक दिसू लागतात. मग ती आणखी कमी खाते.

मला हे थांबवायचं आहे. तुमचं वजन मुळातच बेताचं असेल तर तुम्हाला ते कमी करायचं नाही. पायांत स्नायू भरायचे आहेत, आणि त्यासाठी आजपेक्षा जास्त आणि नीट खायचं आहे. या मार्गाने खळगे पूर्ण जात नाहीत, पण उथळ होतात, पाय भरीव दिसतात आणि त्वचा ताणलेली वाटते. साधारण १२ आठवड्यांत फरक दिसू लागतो, ६ महिन्यांत चांगला दिसतो.

खळगे पडतात कशामुळे

त्वचेखाली चरबीचा थर असतो. त्या थरातून तंतूंचे चिवट पट्टे त्वचेपासून खालच्या आवरणापर्यंत गेलेले असतात. पुरुषांमध्ये हे पट्टे तिरके, एकमेकांना छेदत जातात, त्यामुळे चरबी जाळ्यात अडकून सपाट राहते. बायकांमध्ये ते बऱ्याच प्रमाणात उभे असतात. नर्नबर्गर आणि म्युलर या जर्मन त्वचातज्ज्ञांनी १९७८ साली हा फरक मांडला आणि पुढे एमआरआयमध्येही खळग्यांच्या बरोबर खाली बहुतेक वेळा असे जाड पट्टे दिसले. गादीवाला कापूस भरून झाला की गादीला जागोजागी टाके घालतो. टाक्यापाशी गादी खाली खेचली जाते आणि मधला कापूस वर येतो. गादीत कापूस थोडा असला तरी टाक्याचा खळगा दिसतोच. मांडीवर नेमकं हेच घडतं, म्हणून सेल्युलाइटला वजनाची अट नाही.

वयात आल्यावर, म्हणजे इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक वाढल्यावर ते दिसू लागतं. वयात आलेल्या ८० ते ९० टक्के बायकांना ते कमी-अधिक प्रमाणात असतं. आईला असेल तर मुलीला असण्याची शक्यता अधिक. हा आजार नाही, कसली घाण साठून ते होत नाही, आणि तुम्ही काही चुकीचं खाल्लं म्हणूनही ते आलेलं नाही.

पट्ट्यांची ठेवण जन्मजात आहे, ती घरी बदलता येत नाही. मात्र त्या पट्ट्यांच्या वर असलेली त्वचा किती जाड आहे, खाली असलेला स्नायू किती भरलेला आहे आणि मध्ये पाणी किती साठतं, या तीन गोष्टींवर आपला हात चालतो. सडपातळ बाईच्या बाबतीत सगळ्यात मोठी उणीव असते ती स्नायूंची.

पुण्यातलं एक उदाहरण इथे फार बोलकं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचंच मोजमाप छापलं. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळ, आतून मात्र फार वेगळे. आपल्याकडे हातपाय बारीक, स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी जास्त, ही ठेवण सर्रास आढळते. हे मोजमाप पुरुषांचं होतं, पण ‘मी तर बारीक आहे, मग हे कुठून आलं?’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. वजनकाटा तुम्हाला बारीक म्हणतो, कारण स्नायू कमी आहेत.

आधी नीट बघा, मोजा, फोटो काढा

खिडकीपाशी उभ्या राहा, उजेड एका बाजूने पडू दे. पाय सैल सोडून मांडीची मागची आणि बाहेरची बाजू बघा. मग दोन्ही तळव्यांमध्ये मांडीची त्वचा हलकी दाबून बघा. शेवटी आडव्या होऊन बघा. फक्त दाबल्यावर खळगे दिसत असतील तर ती पहिली पातळी. उभं राहिल्यावर दिसतात आणि आडवं झाल्यावर जातात, ही दुसरी. उभ्याने आणि आडव्याने, दोन्ही वेळा दिसतात, ही तिसरी. ही पातळी लिहून ठेवा, कारण पुढे कोणत्या उपायावर किती भरवसा ठेवायचा ते तिच्यावर ठरतं. पहिल्या आणि दुसऱ्या पातळीवर व्यायामाचा फरक चांगला दिसतो. तिसऱ्या पातळीवरचे खोल, वेगळे उठून दिसणारे खळगे व्यायामाने उथळ होतात, पण जात नाहीत.

फोटो दर ४ आठवड्यांनी काढा, त्याच जागी, दिवसाच्या त्याच वेळी, तसंच उभं राहून. पाळी येण्याआधीच्या दिवसांत अंगात पाणी साठतं आणि खळगे जास्त दिसतात, म्हणून पाळी संपल्यावरचा आठवडा ठरवून घ्या. डोक्यावरच्या दिव्याखाली, कपड्यांच्या दुकानातल्या ट्रायल रूममध्ये दिसतं त्यावरून काहीही ठरवू नका. वरून पडणाऱ्या उजेडात प्रत्येक खळग्याची सावली जास्त गडद होते.

मांडीचा घेर, कंबरेचा घेर आणि वजन एकदा लिहून ठेवा. उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन ५० किलो असेल तर बीएमआय २०.८ येतो. आपल्याकडे २३ च्या पुढे वजन जास्त मानतात आणि १८.५ च्या खाली कमी. तुमचा १८.५ च्या खाली असेल तर सेल्युलाइटचा विचार बाजूला ठेवा आणि आधी आहार वाढवा. बायकांच्या कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत हवा. हातपाय बारीक पण कंबर त्याहून जास्त असेल तर साखरेची तपासणी करून घ्या, हे सेल्युलाइटपेक्षा महत्त्वाचं आहे.

हे सेल्युलाइटच आहे ना

सेल्युलाइट दुखत नाही. ही एक खूण कायम लक्षात ठेवा.

दोन्ही पाय सारखेच जाड झाले आहेत, वरचं शरीर बारीक आहे, पाऊल मात्र बारीकच आहे आणि घोट्यापाशी कडं घातल्यासारखी रेघ दिसते, दाबलं की दुखतं, जरा धक्का लागला की काळं-निळं होतं: हे लिपेडेमाचं, म्हणजे पायांत चरबी साठत जाण्याच्या आजाराचं चित्र आहे. बारीक अंगाच्या बायकांमध्ये ते अनेकदा सेल्युलाइट समजून सोडून दिलं जातं. यात कमी खाऊन पाय बारीक होत नाहीत, उलट बाई खचते. डॉक्टरांकडे जा आणि हा शब्द स्वतःहून विचारा.

एकाच पायाला सूज येत असेल, बोटाने दाबलं की खड्डा पडून राहत असेल, तर ती रसवाहिन्यांची किंवा शिरांची तक्रार असू शकते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या भागांत हत्तीरोगाचा प्रादुर्भाव आहे, तिथल्या किंवा तिथे राहिलेल्या बाईने एका पायाची सूज अंगावर काढू नये. आणि एक पाय अचानक सुजून लाल, गरम, दुखरा झाला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मालिश करत बसू नका.

मांडीवरच्या पांढऱ्या किंवा तांबूस रेघा म्हणजे स्ट्रेच मार्क. त्यांचा प्रश्न वेगळा, उपायही वेगळे.

ताटात काय वाढवायचं

स्नायू प्रथिनांनी बनतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५० किलोच्या बाईला साधारण ४२ ग्रॅम. वजन उचलण्याचा व्यायाम करायचा तर १.२ ते १.६ ग्रॅम धरा, म्हणजे ६० ते ८० ग्रॅम. सकाळी चहा आणि पोहे, दुपारी पोळी आणि फळभाजी, रात्री भात आणि पातळ वरण, असं जेवण असेल तर ४० ग्रॅमसुद्धा जेमतेम होतात.

महागडी पावडर लागत नाही. सकाळी २ अंडी किंवा ५० ग्रॅम मुगाची धिरडी, १२ ग्रॅम. एक मोठा पेला दूध, ८ ग्रॅम. दुपारी मटकीची किंवा चवळीची चांगली भरलेली वाटीभर उसळ, ९ ग्रॅमच्या आसपास, बरोबर ज्वारीच्या २ भाकऱ्या आणि वाटीभर दही, मिळून आणखी १५. संध्याकाळी मूठभर भाजलेले शेंगदाणे, ७. रात्री ३० ग्रॅम कोरड्या सोयावड्या किंवा तेवढीच प्रथिनं देणारं पनीर, चिकन किंवा बांगडा, १५. झाले ६५ च्या वर. कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्या बाईला तर मासळीमुळे हे फारच सोपं आहे. शाकाहारी घरात खरा बदल एकच करायचा: वरण पातळ न ठेवता घट्ट करा आणि उसळ तोंडी लावण्यापुरती न घेता पोटभर घ्या. घरातल्या सगळ्यांना वाढून उरलेली उसळ आपण खायची, ही सवय तर आजच सोडा.

उपवास हा आपल्याकडचा मोठा खड्डा. साबुदाण्यात जवळजवळ नुसता स्टार्च असतो. आठवड्यातून दोन उपवास आणि दोन्ही वेळा खिचडी म्हणजे ते दिवस प्रथिनांशिवाय गेले. उपवास सोडा असं मी म्हणत नाही. राजगिरा, दाण्याची आमटी, दही, दूध, पनीर हे सगळं उपवासाला चालतं, तेच पुढे घ्या.

पोळी-भात कमी करू नका. उष्मांक कमी पडले तर शरीर प्रथिनं जाळून टाकतं आणि स्नायू बनत नाही. व्यायाम सुरू केल्यावर वजन घसरायला लागलं तर भाकरी वाढवा, तूप वाढवा.

मिठाबद्दल थोडं. लोणचं, पापड, फरसाण, वेफर्स यांच्या मिठाने पाणी साठतं आणि दुसऱ्या दिवशी खळगे जास्त दिसतात. हा परिणाम तात्पुरता आहे, पण रोजचाच असेल तर रोज दिसणार. भरपूर पाणी प्यायल्याने सेल्युलाइट ‘धुऊन’ मात्र जात नाही. तहानेप्रमाणे प्या.

कोलॅजेन हे त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन. त्याच्या तुकड्यांच्या, म्हणजे कोलॅजेन पेप्टाइडच्या पुड्या सध्या सगळीकडे दिसतात. २०१५ साली छापून आलेल्या एका चाचणीत रोज २.५ ग्रॅम ६ महिने घेतलेल्या बायकांच्या मांड्यांवर थोडा फरक दिसला होता आणि तो जास्त वजन असलेल्यांपेक्षा नेहमीच्या वजनाच्या बायकांमध्ये अधिक होता. पण हे पेप्टाइड बनवणारी कंपनीच त्या चाचणीशी जोडलेली होती आणि फरकही बेताचा होता. माझं मत विचाराल तर त्या पैशांची आधी अंडी, दूध आणि कडधान्यं घ्या.

व्यायाम सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन एकदा तपासा. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला. जिना चढताना धाप लागते तिथे वजन कसं उचलणार? आधी ते भरून काढा.

व्यायाम: आठवड्यातून ३ दिवस, १२ आठवडे

सगळी मेहनत इथे आहे, म्हणून सविस्तर सांगते.

आपल्याकडे पायांचा व्यायाम म्हटलं की जोर-बैठका आठवतात, आणि बैठकांची संख्या मोजण्याची सवय. भराभर १०० बैठका मारल्याने दम वाढतो. स्नायू भरायचे असतील तर थोड्या, सावकाश आणि वजनासकट हव्यात. ८ ते १२ वेळा करता येईल आणि शेवटच्या २ वेळा खरोखर जड जातील, इतकं वजन धरायचं. अशा ३ फेऱ्या, दोन फेऱ्यांमध्ये दीड ते दोन मिनिटं विश्रांती. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे दिवस ठरवा, मधला दिवस सुट्टी. स्नायू त्या सुट्टीच्या दिवशी भरतो.

सुरुवातीला ५ मिनिटं जागच्या जागी चाला, कंबर आणि घोटे गोल फिरवा.

पहिला व्यायाम बैठक. मागे खुर्ची ठेवा. पाय खांद्यांइतके दूर, पंजे जरा बाहेर वळलेले, टाचा जमिनीला पक्क्या. ३ सेकंद घेत खाली जा, कूल्हे खुर्चीला टेकले की लगेच उठा. गुडघे आत वळू देऊ नका, पायाच्या बोटांच्या दिशेनेच जायला हवेत. हे जमलं की पाठपिशवीत तांदळाची ५ किलोची पिशवी घाला आणि ती पोटाशी धरून करा. खुर्चीनंतर पाट, पाटानंतर मोकळी बैठक, अशी खोली वाढवत न्या.

दुसरा, आणि मांडीच्या मागच्या बाजूसाठी सगळ्यात मोलाचा, तो कमरेतून वाकून वजन उचलण्याचा. जिममध्ये याला रोमानियन डेडलिफ्ट म्हणतात. दोन्ही हातांत पाण्याचे ५ लिटरचे कॅन, म्हणजे ५-५ किलो. गुडघे जरासे वाकलेले आणि तिथेच स्थिर. आता कूल्हे मागे न्या, पाठीमागचं दार ढुंगणाने लोटायचं आहे असं समजा. कॅन मांड्यांना घासत खाली येतील. पाठ सरळच. गुडघ्यांच्या जरा खाली कॅन आले आणि मांडीची मागची बाजू ताणली की थांबा, आणि कूल्हे पुढे आणत सरळ व्हा. पाठीत ताण जाणवला तर तुम्ही कमरेऐवजी पाठीतून वाकताय. वजन खाली ठेवा आणि भिंतीकडे पाठ करून, नुसते कूल्हे मागे नेऊन भिंतीला टेकवायचा सराव करा. बहुतेकींना हा व्यायाम नीट जमायला दोन आठवडे लागतात. ते द्या.

तिसरा हिप थ्रस्ट. दिवाणाच्या किंवा सोफ्याच्या कडेला पाठीचा वरचा भाग टेकवून जमिनीवर बसा, दिवाण भिंतीला लावलेला असू द्या. पाय गुडघ्यांत वाकवून तळवे जमिनीवर. टाचांवर जोर देऊन कूल्हे उचला, धड आणि मांड्या एका रेषेत आल्या की कूल्हे घट्ट आवळून २ सेकंद थांबा, सावकाश खाली या. ओटीपोटाच्या खालच्या भागावर टॉवेलची घडी, तिच्यावर तांदळाची पिशवी. या व्यायामात ताकद फार लवकर वाढते, ५ किलोची पिशवी दोन-तीन आठवड्यांत हलकी वाटू लागेल.

चौथा, जिन्याची पायरी चढणे. एक पाय पायरीवर पूर्ण ठेवा आणि फक्त त्याच पायाच्या जोरावर वर या, खालच्या पायाने उडी घेऊ नका. उतरतानाही सावकाश. एका बाजूला १० झाले की दुसरी बाजू. सोपं झालं की दोन पायऱ्यांची उंची घ्या, मग हातात वजन.

शेवटी पोटऱ्यांसाठी पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा वर-खाली, १५ वेळा, २ फेऱ्या. बस.

पहिले दोन आठवडे वजनाशिवाय, प्रत्येकी २ फेऱ्या, फक्त पद्धत बसवायची. तिसऱ्या आठवड्यापासून वजन आणि ३ फेऱ्या. एखाद्या व्यायामात तिन्ही फेऱ्यांत १२ चा आकडा आरामात गाठला की पुढच्या वेळी २ किलो वाढवा आणि पुन्हा ८ पासून सुरू करा. वही ठेवा. वजन वाढत नसेल तर १२ आठवडे घाम गाळूनही स्नायू फारसा भरणार नाही, आणि ‘व्यायामाने काही झालं नाही’ म्हणणाऱ्या बहुतेक जणी इथेच अडकलेल्या असतात. घरातले कॅन आणि पिशव्या साधारण सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत पुरतात. त्यानंतर डंबेल घ्या किंवा जिम लावा.

पाय जाडजूड होतील ही भीती काढून टाका. बायकांमध्ये टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक पुरुषांच्या मानाने फारच कमी असतं, स्नायू सावकाश आणि बेताने भरतो. जीन्स मांडीवर जरा घट्ट बसेल आणि वजन १-२ किलो वाढेल, हे मात्र होईल, आणि व्हायलाच हवं. त्या १-२ किलोंना घाबरून जेवण कमी केलंत तर सगळी मेहनत वाया.

स्नायू भरल्याने वरची त्वचा आतून ताणली जाते, हा एक फायदा. दुसरा खुद्द त्वचेला होऊ शकतो. जपानच्या रित्सुमेइकान विद्यापीठाच्या २०२३ मधल्या अभ्यासात मध्यमवयीन बायकांनी १६ आठवडे व्यायाम केला. वजनं उचलणाऱ्यांच्या त्वचेचा मधला थर जाड झाला, सायकल चालवणाऱ्यांचा झाला नाही. तो अभ्यास सेल्युलाइटवरचा नव्हता, तरी पातळ त्वचेखालचे खळगे जास्त उठून दिसतात हे लक्षात घेता त्याचं महत्त्व आहे.

चालणं, पोहणं, सायकल आवडीने करा, आठवड्यातून दीडशे मिनिटं हृदयासाठी हवीतच. फक्त रिकाम्या पोटी तास-दीड तास पळून ‘चरबी जाळणं’ सडपातळ बाईने करू नये. दिवसभर खुर्चीत काम असेल तर दर तासाला उठा, दोन मिनिटं चाला.

गुडघा दुखत असेल, कंबरेचा त्रास असेल, गरोदर असाल किंवा बाळंतपणाला थोडेच महिने झाले असतील तर फिजिओथेरपिस्टला दाखवून मगच सुरू करा.

त्वचेवर काय लावायचं

क्रीममध्ये थोडाफार पुरावा आहे तो रेटिनॉलचा (हे ‘अ’ जीवनसत्त्वाचं एक रूप), आणि तोही ०.३ टक्के, ६ महिने किंवा त्याहून जास्त लावल्यावर. ते पट्ट्यांपर्यंत पोचत नाही, वरची त्वचा थोडी जाड करतं. आधी आठवडाभर मांडीच्या छोट्या भागावर लावून बघा. आग, लाली आली तर थांबा, कारण आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर जळजळ झाली की मागे काळा डाग राहतो आणि तो खळग्यापेक्षा जास्त दिसतो. रात्री लावा, दिवसा पाय उघडे राहणार असतील तर सनस्क्रीन लावा. गरोदर असाल किंवा दिवस जायची इच्छा असेल तर रेटिनॉल अजिबात नको.

कॅफीनच्या क्रीमने त्वचा काही तास आवळलेली दिसते, एखाद्या कार्यक्रमापुरतं ठीक. कॉफी पावडर घासल्याने मृत त्वचा निघते, एवढंच.

तेलाची मालिश मला आवडते, आणि तिच्याबद्दल खोटी आशा लावलेली मात्र आवडत नाही. तिळाचं कोमट तेल घेऊन घोट्यापासून वर हलक्या दाबाने १० मिनिटं मालिश केली की साठलेलं पाणी सरकतं, त्वचा मऊ होते, पाय काही तास गुळगुळीत दिसतात. दुसऱ्या दिवशी पहिल्यासारखे. थकवा जातो म्हणून जरूर करा. लाकडी रोलर किंवा लाटणं जोर लावून फिरवू नका, चरबी फुटत नाही, नसा फुटतात.

मांड्यांना प्लास्टिक गुंडाळणं, घामाचे पट्टे, डिटॉक्सचे काढे यांवर एक रुपया घालवू नका. पार्लरमध्ये टेपने मोजून ‘अर्धा इंच उतरला’ दाखवतात तो दाबाने सरकलेल्या पाण्याचा असतो.

सिगारेट ओढत असाल तर तिच्याने कोलॅजेन तुटतं, ही गोष्ट कोणत्याही क्रीमने भरून निघत नाही.

डॉक्टरकडचे उपाय कधी आणि कोणते

६ महिने वर सांगितलेलं सगळं केलं, पाय भरले, आणि तरी ठरावीक ४-५ खोल खळगे उरलेच, तर त्वचाविकारतज्ज्ञांना भेटा. अशा खळग्यांवर सगळ्यात तर्कशुद्ध उपाय सबसिजनचा आहे: जागा बधिर करून त्वचेखाली सुई किंवा छोटं पातं घालून तो खेचणारा पट्टाच कापायचा. ब्राझीलच्या डॉ. डोरिस हेक्सेल यांनी सेल्युलाइटसाठी ही पद्धत रुजवली. याच तत्त्वावरच्या सेलफिना यंत्राला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१५ मध्ये मान्यता दिली आणि त्याचा परिणाम ३ वर्षांनंतरही टिकलेला आढळला. वेगवेगळे, गोल, खोल खळगे असतील तरच याचा उपयोग. सगळीकडे पसरलेल्या लाटांसारख्या उंचसखलपणाला नाही. काही दिवस काळं-निळं होतं, गव्हाळ त्वचेवर तो डाग महिनोन्‌महिने रेंगाळू शकतो.

रेडिओफ्रीक्वेन्सी आणि शॉकवेव्ह या यंत्रांनी त्वचा थोडी घट्ट होते, उपचाराच्या अनेक बैठका लागतात, परिणाम बेताचा आणि परत परत करावा लागणारा. क्वो नावाचं इंजेक्शन २०२० मध्ये अमेरिकेत मंजूर झालं तेही फक्त नितंबांसाठी, आणि फार काळं-निळं पडणं व डाग राहणं यामुळे कंपनीने २०२२ च्या डिसेंबरात ते बंद केलं. त्याची कुणी अजून जाहिरात करत असेल तर उठून या. लायपोसक्शन तर सडपातळ बाईने या कामासाठी करूच नये. चरबी जाते, पट्टे राहतात, आणि त्वचा सैल पडून खळगे वाढू शकतात. चरबी गोठवण्याचं यंत्रही खळग्यांसाठी नाही.

पहिल्या भेटीत पैसे भरू नका, १० बैठकांचं पॅकेज तर मुळीच नाही. डॉक्टरांनी तुम्हाला उभं करून, बाजूच्या उजेडात प्रत्येक खळगा पेनने आखून बघायला हवा. आडवं झोपवून बघितलं तर बरेच खळगे दिसणारच नाहीत. त्यांना विचारा: माझे खळगे पट्ट्यांमुळे आहेत की त्वचा सैल असल्यामुळे? माझ्यासारख्या रंगाच्या त्वचेवर केलेल्या उपचाराचे आधीचे आणि ६ महिन्यांनंतरचे फोटो दाखवाल का? डाग पडला तर पुढचे उपचार कोण करणार आणि त्याचा खर्च कुणाचा? हे करणार कोण, स्वतः डॉक्टर की यंत्र चालवणारी मदतनीस? उत्तरं लेखी मागा, घरी आणून वाचा, आणि तारीख लग्नसराईच्या किंवा सहलीच्या निदान ३ महिने आधीची घ्या.

मुलीला हेच दिसत असेल आणि ती १५-१६ वर्षांची असेल, तर तिला यातलं क्रीम किंवा क्लिनिक काहीच नको. तिला तिच्या आईच्या आणि मावशीच्या मांड्यांवरही हे आहे हे मोकळेपणाने सांगा, ताटात उसळ वाढा आणि कबड्डी, पोहणं, मल्लखांब यांपैकी जे जवळ असेल तिथे घाला. ती जेवण टाळायला लागली, पाळी चुकायला लागली तर मात्र बालरोगतज्ज्ञांकडे लगेच घेऊन जा.

आणि १२ आठवडे पूर्ण झाल्यावर वही बंद करू नका. व्यायाम ३ ऐवजी २ दिवसांवर आणला तरी भरलेला स्नायू टिकतो, मात्र वजन तेवढंच जड राहू द्या.